नाताळची तयारी आणि घरचा हिशेब

आगमनकाळाचा दुसरा रविवार



आज वेदीजवळ आगमनकाळाची दुसरी मेणबत्ती पेटली आणि शुभवर्तमानातून योहान बाप्तिस्ताची हाक आपण ऐकली. प्रभूची वाट तयार करा, असे तो अरण्यात ओरडून सांगतो. पण 'तयारी' हा शब्द कानांवर पडला की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या मनात वेगळीच यादी सुरू होते. घराला रंग, मुलांना कपडे, तारा, गोठा, दिव्यांची माळ, केक, फराळ, गावाकडून येणारे पाहुणे. आणि यादी संपायच्या आत दुसरा प्रश्न उभा राहतो, पैसे कुठून आणायचे?

पैशांचे बोलणे वेदीपासून दूर ठेवावे असे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या प्रश्नाने घरातल्या बाईची झोप उडते, तो प्रश्न पदरात बांधूनच ती रविवारी मिस्साला येते. मग त्यावर इथे बोलायचे नाही तर कुठे?

आपल्या शहरात बोनस मिळतो तो दिवाळीला. वाळूज असो, चिकलठाणा असो की शेंद्रा, कंपनीच्या लेखी वर्षाचा सण दिवाळी. कायम कामगाराच्या हातात काही पडते, कंत्राटी कामगाराच्या हातात पडेलच असे नाही. आणि पडले तरी ते घरभाडे, मुलांची फी, गावाकडचे देणे यांत नोव्हेंबरातच विरून जाते. नाताळ येतो महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पुढचा पगार व्हायच्या आधी. ज्यांची शेती आहे त्यांचे गणित कापसावर, आणि कापसाचे गणित पावसावर. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या कितीतरी शेतांतली उभी पिके पाण्याखाली गेली. अशा वर्षी गावाकडून चार पैसे यायचे सोडाच, इकडूनच पाठवावे लागतात.

मग उसनवारी सुरू होते. कोणी भिशी उचलतो, कोणी अंगावरचे सोने गहाण ठेवतो, कोणी शेकड्याने पैसे देणाऱ्याच्या दारात उभा राहतो. शेकडा ५ रुपये महिना या दराने १०,००० रुपये घेतले, तर महिन्याला ५०० रुपये व्याज. पुढच्या नाताळपर्यंत ६,००० रुपये नुसते व्याजात जातात आणि मुद्दल १०,००० जसेच्या तसे उभे. केक संपला, मुलांना ते कपडे तोकडे झाले, तारा फाटला, आणि त्या नाताळचे देणे अजून चालूच. दुसरा नाताळ दारात येतो तेव्हा त्या घरात आनंद नसतो, धसका असतो. ज्या बाळाने आपल्याला बंधनातून सोडवायला जन्म घेतला, त्याच्या वाढदिवसासाठी आपण स्वतःला नवे बंधन घालून घेतो.

प्रभू येशू सुताराच्या घरात वाढला. मापाचे आणि मोलाचे व्यवहार त्याला ठाऊक होते. संत लूकलिखित शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात तो बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला देतो. आधी खाली बसून खर्चाचा अंदाज घेतला नाही, तर पाया घातल्यावर काम अडते आणि येणारे-जाणारे हसतात. तो दाखला शिष्यत्वाविषयी आहे, घरखर्चाविषयी नाही, हे खरे. तरीही प्रभूने शहाणा ठरवला तो खाली बसून हिशेब करणारा माणूस.

आता आपण बेथलेहेमला जाऊ. नावनोंदणीच्या हुकमामुळे योसेफ आणि मरिया यांना नाझरेथहून शंभराहून अधिक किलोमीटरची वाट तुडवावी लागली. उतरायला जागा मिळाली नाही, पाळणा मिळाला नाही. पण लूक एक बारीक गोष्ट सांगतो. मरियेने बाळाला बाळंत्यात गुंडाळले. ते कापड आले कुठून? निघताना त्या माऊलीने गाठोड्यात बांधून घेतलेले असणार. आपल्याकडे लेक बाळंतपणाला आली की आई जुन्या, मऊ लुगड्याची दुपटी शिवून ठेवते. नवे कापड बाळाला टोचते, म्हणून जुनेच हवे असते. गरिबीतही तयारी होती, ती एवढीच होती आणि ती पुरली.

आता पुढचा प्रसंग पाहू. तो २ फेब्रुवारीच्या सणाला वाचला जातो. चाळीस दिवसांनी मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले. लेवीय या ग्रंथाच्या १२ व्या अध्यायात नियम दिला आहे. बाळंतिणीने शुद्धीकरणासाठी एक वर्षाचे कोकरू आणि एक पारवा किंवा होला आणावा. मात्र कोकराची ऐपत नसेल, तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले चालतील. लूक आपल्याला पक्ष्यांच्या जोडीविषयीच सांगतो. कोकराचा उल्लेख नाही. म्हणजे देवाच्या पुत्राच्या घरच्यांनी गरिबांचा दर भरला.

यावर थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. देवाच्या नियमातच गरिबासाठी वेगळी ओळ होती. ती दया म्हणून कोणी मागाहून घुसडलेली नाही, मूळ नियमातच लिहिलेली आहे. ऐपत नसणे हा देवाच्या दृष्टीने अपराध नाही, आणि गरिबाचे दान अर्धे दान नाही. त्या दिवशी मंदिराच्या अंगणात कोकरे घेऊन आलेली माणसे असतीलच. त्यांनी या नाझरेथकर जोडप्याकडे, त्याच्या हातातल्या दोन पाखरांकडे वळून पाहिलेही असेल. योसेफ दावीदाच्या कुळातला. मनात आणले असते तर कुळाचे नाव सांगून कोकरापुरते पैसे कुणाकडून तरी उसने मिळाले असते. शुभवर्तमानात तसे काही दिसत नाही. त्याने जेवढे होते तेवढे दिले आणि मान खाली घातली नाही. त्याच वेळी म्हाताऱ्या शिमोनाने त्या बाळाला हातांत घेतले. कोकरू कुठे आहे, असे त्याने विचारले नाही.

आपल्या मराठवाड्यात बेथलेहेम समजायला लांबची चित्रे पाहायची गरज नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. उसाच्या फडाजवळ पाचट, बांबू आणि ताडपत्रीच्या कोप्या घालून महिनोन्‌महिने राहतात. तिथेच चूल, तिथेच बैल, आणि कितीतरी बायांची बाळंतपणेही तिथेच. ज्यांना आपल्या गोठ्यात काही नवे करायचे आहे त्यांनी या वर्षी बाळ येशूसाठी कोपी बांधून पाहावी. खर्च काहीच नाही, आणि मुलांना प्रश्न पडतील ते वेगळेच.

आपण मात्र गोठ्यावर कापूस पसरून बर्फ करतो. बेथलेहेमात बर्फ क्वचित पडतो, आपल्याकडे तर पडतच नाही. कापूस पिकवणारी आपलीच माणसे. तो पसरायचाच असेल तर बाळाच्या अंगाखाली पसरावा, आणि मेणबत्ती त्यापासून चार हात दूर ठेवावी.

गोठ्याची प्रथा मुळात कशी रुजली तेही पाहण्यासारखे आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो गावात संत फ्रान्सिस असिसीकर यांनी नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी ओळखीच्या एका भल्या गृहस्थाला तयारी करायला सांगितले. काय मागितले? गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव. मूर्ती नव्हत्या, रोषणाई नव्हती. गावकरी मशाली आणि मेणबत्त्या घेऊन आले आणि त्या गव्हाणीवर मिस्सा झाला. पोप फ्रान्सिस १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्योला गेले आणि गोठ्याविषयीच्या पत्रावर त्यांनी तिथे सही केली. गोठा दर वर्षी तोच असला काय किंवा बदलला काय, तो आपल्या जगण्याशी बोलला पाहिजे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आपल्याकडे कुठे कुठे गोठ्यांच्या स्पर्धा होतात. बक्षीस बहुधा मोठ्या गोठ्याला मिळते, आणि हा धडा मुले फार लवकर शिकतात.

तेव्हा या वर्षी घरात काय करता येईल? सजावटीची पहिली वस्तू केरसुणी. लूकच्या १५ व्या अध्यायातली बाई हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून सगळे घर झाडते. माळ्यावरची अडगळ काढली, भांडी घासली, जाळ्या पुसल्या, भिंतीला चुन्याचा एक हात दिला, की अर्धा नाताळ घरात आलाच. आपले पालकसंत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संसारी लोकांना पोशाखाबद्दलही सल्ला दिला आहे. नीटनेटके राहावे, गबाळेपणा नको, पण दिमाखही नको, असा त्याचा सारांश. अंगावरच्या कपड्यांना जे लागू, ते घरालाही लागू.

गोठ्यासाठी बाजरीचे सरमाड, पऱ्हाटी, तुराट्या गावाकडून येणाऱ्याला आणायला सांगाव्यात. नाहीतर बुटाचे खोके आणि गोणपाटाचा तुकडा पुरेसा आहे. मागे पडदा म्हणून आजीचे जुने लुगडे लावावे. शेजारच्या घरी नवरात्रात घट बसतात तेव्हा धान्य कसे उगवते ते आपण पाहिलेलेच आहे. १५ तारखेच्या आसपास पसरट भांड्यात ओल्या मातीवर गहू पेरला, तर थंडी असली तरी २४ च्या रात्रीपर्यंत बोटभर हिरवळ वर येते. विकतच्या प्लॅस्टिकच्या गवताला ती सर नाही. मूठभर गव्हाला असा पैसा तो किती लागतो?

ताऱ्याचेही तेच. संक्रांत जवळ आलेली असते, म्हणून पतंगाचा कागद या दिवसांत सहज मिळतो. बांबूच्या कामट्या, सुतळी आणि घरी शिजवलेली खळ. पोरे हात बरबटून घेतील, पहिला तारा वाकडा होईल. होऊ द्या. मागच्या वर्षीचा सांगाडा असेल तर त्यावर नुसता कागद चढवावा. आत एलईडीचा लहान दिवा लावला तर तो तापत नाही, कागद सुरक्षित राहतो आणि वीजही कमी जळते. आपण दिवाळीत शेजाऱ्यांकडे जातो, फराळ खातो. त्यांच्याकडच्या दिव्यांच्या माळा दिवाळीनंतर डब्यात पडून असतात. मागितल्या तर आनंदाने देतील, आणि २५ ला त्यांचे पाय आपल्या घराला लागतील. गुलमंडीवरून नवी माळ आणण्यापेक्षा हे नाते स्वस्तही आहे आणि टिकाऊही.

फराळ एकट्या घराने करण्यापेक्षा तीन-चार घरांनी मिळून करावा. सामान मोंढ्यातून एकदम आणायचे, एका घरी करंज्या, दुसऱ्या घरी चकल्या. तेल कमी लागते आणि भगिनींचे हातही कमी दुखतात. ताटात सात पदार्थ असलेच पाहिजेत असे कोणत्याही धर्मशिक्षणाच्या पुस्तकात लिहिलेले नाही. दोन पदार्थ चांगले करावेत. केक कुकरमध्ये खाली मीठ पसरूनही होतो, हे आपल्यातल्या अनेक जणींना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

हिशेबाच्या वहीत एक ओळ मात्र बहुतेक घरांत लिहिलीच जात नाही. ती म्हणजे २४ तारखेपासून ३१ पर्यंतची दारू. ती ओळ एकदा लिहून बेरीज करून पाहावी. पुष्कळ घरांत मुलांचे कपडे त्याच ओळीत सापडतील. हे आम्ही पुरुष मंडळींना उद्देशून लिहीत आहोत, आणि मुद्दाम स्पष्ट लिहीत आहोत.

मुलांशीही मोकळेपणाने बोलावे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला घरात किती येते आणि किती जाते हे समजावून सांगितले तर समजते. त्याला समजत नाही ते आईबापांचे कुजबुजणे आणि चिडणे. या वर्षी एवढेच आहे, यात काय काय करू या, असे विचारले तर मुलेच नव्या युक्त्या काढतात.

आता कपड्यांविषयी, कारण खरे दुखणे तिथे आहे.

२४ डिसेंबरच्या रात्री आपले चर्च भरून जाते. तरीही काही घरे येत नाहीत. वर्षभर रविवारी शेवटच्या बाकावर दिसणारी कुटुंबे त्याच एका रात्री दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारले तर मुलाला ताप होता असे उत्तर मिळते. ताप नसतो. मुलांना नवीन कपडे घेता आलेले नसतात. सगळ्यांची पोरे झगमगत असताना आपल्या पोरांना जुन्या कपड्यांत उभे करायचा धीर त्या आईला होत नाही. ती लवकर दिवा मालवते. देव माणूस होऊन गरिबाघरी आला, त्याच रात्री गरीब माणूस लाजेने देवाघरी येत नाही. नाताळच्या खर्चाविषयी लिहायचे आम्ही ठरवले ते यासाठी.

त्या घरांना आमचे एवढेच सांगणे. गव्हाणीपाशी पहिल्यांदा आले ते मेंढपाळ. रात्रपाळीवर होते, तिथून थेट आले. कपडे बदलून आले असे लूकने लिहिलेले नाही. त्यांच्या अंगाला मेंढरांचा वास येत असणार, आणि मरियेने त्यांना दारात थांबवले नाही. कंपनीच्या गणवेशात या, धुतलेल्या जुन्या शर्टात या, रात्रपाळी असेल तर सकाळच्या मिस्साला या. पण या. तुमची जागा रिकामी राहिली तर आमचाच नाताळ उणा पडतो.

आणि ज्यांना परमेश्वराने दिले आहे त्यांना योहान बाप्तिस्ताचे उत्तर ऐकवावे लागते. आम्ही काय करावे, असे लोकांनी त्याला विचारले तेव्हा त्याने उपासतापास सांगितले नाहीत. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक अंगरखा नसलेल्याला द्यावा, असे सांगितले. लूकच्या तिसऱ्या अध्यायात ते आहे. हे सांगणारा स्वतः उंटाच्या केसांचे वस्त्र नेसत होता, म्हणून त्याला ते सांगण्याचा अधिकार होता. आपल्या कपाटात एकदाच घातलेले, मुलांना लहान झालेले चांगले कपडे असतील तर ते धुऊन, इस्त्री करून द्यावेत. बटण तुटलेले, डाग पडलेले काढून टाकायचे आणि त्याला दान म्हणायचे, असे नको. स्वतःसाठी घेताना आणखी एकासाठी नवे घेता आले तर फारच उत्तम.

देताना लाज राखावी. ६ डिसेंबर हा मायराचे बिशप संत निकोलस यांचा सण. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्रीच्या अंधारात, कुणाला कळू न देता घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी परंपरागत कथा आहे. पुढे जगाने त्यांनाच सांताक्लॉज केले, लाल झगा घातला आणि ढोलताशांत फिरवले. मूळ गोष्टीतला अंधार तेवढा हरवला. आज कपडे वाटताना फोटो काढून ग्रुपवर टाकले जातात, आणि घेणाऱ्या मुलाचे तोंड सगळ्या शहराला दिसते. कृपा करून हे करू नये. तसेच, नाताळच्या दिवशी चर्चच्या अंगणात कुणाच्याही मुलाला, कपडे नवीन घेतले का, कितीला घेतले, असे विचारू नये. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर द्यायला लागू नये म्हणूनच काही घरे घरी थांबतात.

ज्यांना या वर्षीचे जमले नाही त्यांनी पुढच्या वर्षीचा विचार जानेवारीतच करावा. चार-पाच घरांनी मिळून आठवड्याला १०० रुपये बाजूला टाकले, तर वर्षाचे ५० आठवडे धरले तरी प्रत्येक घराचे ५,००० रुपये जमतात. तेही व्याज न देता. १०० जमत नसतील तर ५० टाकावेत. डबा कुणाकडे ठेवायचा यावरून भांडणे होतात हे आम्हाला माहीत आहे, म्हणून पोस्टात किंवा बँकेत खाते काढलेले बरे.

२०२० चा नाताळ आठवतो ना? राज्यातल्या शहरांत रात्री ११ पासून संचारबंदी होती, त्यामुळे मिस्सा लवकर उरकावी लागली. पाहुणे नाहीत, कॅरल गाणारी पोरे नाहीत, शेजारी फराळाची ताटे नाहीत. दिवे आणि तारे त्या वर्षीही होते. पण उणीव भासली ती माणसांची.

आपल्या पालकसंतांचा शेवटचा नाताळ १६२२ चा. जिनिव्हाचे बिशप असलेले संत फ्रान्सिस डी सेल्स तेव्हा फ्रान्समधील ल्यों शहरात होते. राजेरजवाड्यांच्या भेटीगाठींचा तो प्रवास होता, त्यामुळे मोठ्या घरांची दारे त्यांना उघडी होती. त्यांनी निवडली ती व्हिजिटेशन संघाच्या भगिनींच्या मठातली माळ्याची छोटी खोली. तिथेच त्यांनी नाताळ केला, आणि तीन दिवसांनी, २८ डिसेंबरला, तिथेच ते प्रभूकडे गेले.

पुढचा रविवार आनंदाचा, गुलाबी मेणबत्तीचा. त्या रविवारी रोममध्ये मुले आपल्या गोठ्यातली बाळ येशूची मूर्ती पोपमहाशयांच्या आशीर्वादासाठी संत पेत्राच्या चौकात घेऊन येतात. आपणही मुलांबरोबर आपापल्या घरची मूर्ती चर्चमध्ये आणावी. मिस्सानंतर फादर सर्व मूर्तींना आशीर्वाद देतील. विकतची, मातीची, पिठाची, पुठ्ठ्यावर रंगवलेली, कोणतीही चालेल. चांगले, धुतलेले कपडे द्यायचे असतील त्यांनी ते साध्या पिशवीत घालून, वर नाव न लिहिता, त्याच दिवशी फादरांच्या कचेरीत ठेवावेत. ज्यांना हवे असतील त्यांनी आठवड्यात केव्हाही येऊन न्यावेत. कोणी नाव विचारणार नाही.